हळहळ आणि १७ नंबरचा अर्ज



मुलीला आठवीतूनच घरी बसविले, अशी खंत करणारे अब्बा-अम्मी आपल्यात पुष्कळ आहेत. लग्नघरीसुद्धा तोच विषय निघतो, आणि मुलगी दाराआडून ऐकत असते! त्या हळहळीचा तिला काय उपयोग? त्यापेक्षा पेटीतून तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला खाजगीरीत्या बसता येते. वय वाढले म्हणून कोणी अडवीत नाही.

नापास झालेल्यांची फेरपरीक्षा महाराष्ट्रात २०१५ पासून ऑक्टोबरऐवजी जुलैच्या सुमारास होऊ लागली, वर्ष वाचते. मार्चचे गुण मात्र रडून बदललेले मी पाहिले नाहीत. गणित राहिले असेल, त्याने सायंकाळी वही घेऊन माझ्याकडे यावे. दाखला हरवला असल्यास जुन्या शाळेत दुसरी प्रत मागा.