कॉलेजच्या दारातली परीक्षा

घरात मूल बारावीला असलं, म्हणजे पानावर बसलं की एक वाद हमखास निघतो. आजोबा म्हणतात, "मुलांनी वर्षानुवर्षं केलेला अभ्यास पाहावा. तीन तासांच्या पेपरात काय कळणार?" नात म्हणते, "आजोबा, प्रत्येक बोर्डाची मार्क देण्याची तऱ्हा निराळी. त्यापेक्षा सर्वांना एकच पेपर बरा." दोघांचंही म्हणणं खोटं नाही. हाच वाद अमेरिकेत सुमारे शंभर वर्षं चालला आहे, आणि अलीकडे तिथं त्याचा एक मोठा प्रयोगही होऊन गेला. त्याची हकीगत आपल्यालाही उपयोगी पडेल.

तिकडे पूर्वी निरनिराळी कॉलेजं आपापली प्रवेश परीक्षा घेत. विद्यार्थ्यांची आणि शाळांची त्यात फार ओढाताण होई. म्हणून 1900 साली काही कॉलेजं एकत्र आली आणि 'कॉलेज बोर्ड' ही संस्था निघाली. याच संस्थेने 1926 साली 'सॅट' ही चाचणी पहिल्यांदा घेतली. ती तयार करण्यात पुढाकार होता कार्ल ब्रिगॅम या मानसशास्त्रज्ञाचा. या गृहस्थांनी 1923 साली एक पुस्तक लिहून काही वंशांचे लोक बुद्धीने कमी असतात, असं प्रतिपादन केलं होतं. पुढे 1930 साली त्यांनीच ते म्हणणं निराधार असल्याचं कबूल केलं. चाचणीच्या जन्माशी हा डाग आहे, तो झाकून चालणार नाही. पण दुसरी बाजूही पाहा. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी 1930 नंतरच्या दशकात हीच चाचणी वापरली, ती लांबच्या साध्या शाळांतली हुशार मुलं शोधून त्यांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी! हत्यार एकच, पण उपयोग किती निराळा!

आता प्रयोगाकडे येऊ. 2020 साली कोरोनाच्या साथीत परीक्षाकेंद्रं बंद पडली. तेव्हा शेकडो कॉलेजांनी ही चाचणी ऐच्छिक केली. ज्याला गुण कळवायचे त्याने कळवावेत, नसतील कळवायचे तर आग्रह नाही. सधन घरची मुलं शिकवण्या लावून जास्त गुण मिळवतात, हा आक्षेप जुनाच होता. तेव्हा अनेकांना वाटलं, आता गरिबांना दार मोकळं झालं.

घडलं मात्र काही वेगळंच. डार्टमथ कॉलेजातल्या अध्यापकांनी अर्ज तपासले. बेताच्या परिस्थितीतली कितीतरी मुलं 1600 पैकी 1400 च्या आसपास गुण मिळवूनही ते कळवीत नव्हती. प्रवेश मिळालेल्यांचे आकडे याहून मोठे असतात हे त्यांनी ऐकलं होतं. आपले गुण त्यांना हलके वाटले. वास्तविक प्रवेश देणारे लोक आकडा नुसता वाचत नसत. ज्या शाळेत हजारापर्यंत पोचणंही कठीण, तिथल्या मुलीने 1400 मिळवले तर ते त्यांच्या लेखी फार मोठे होते. ते गुण कळते, तर तिला प्रवेशाची संधी अधिक होती. तिने ते लपवले आणि संधी हुकली! डार्टमथने 2024 साली चाचणी पुन्हा सक्तीची केली. एमआयटीने 2022 सालीच केली होती आणि हार्वर्डनेही 2024 साली तसंच ठरवलं. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2021 साली गुण पाहायचेच नाहीत असा निर्णय घेतला. एकमत तिकडेही नाही.

आपली मुलंही आता तिकडे अर्ज करतात. 'गुण ऐच्छिक' असं वाचून आकडा लपवण्याची घाई करू नका. आपल्या शाळेत तो कसा दिसतो, हे आधी पाहा.

आणि आपल्या घरचं काय? आपल्याकडे इंजिनिअरिंगचे, वैद्यकीचे प्रवेश मुख्यतः गुणानुक्रमाने होतात. एस्टीने रोज तासभर हेलपाटे घालून, घरची गुरं पाहून एखादी मुलगी परीक्षेला बसते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला दोन वर्षं क्लास लावलेला असतो. दोघांचे गुण सारखे आले, तर गुणपत्रिकेवर दोघं सारखीच दिसतात. परीक्षा असावी, तीही सर्वांना एकच असावी, हे नातीचं म्हणणं मला पटतं. पण हे गुण कुठून, कशातून आले, ते विचारायची सोय आपण केली नाही, तर आजोबांची तक्रार उरणारच. आज रात्री पानावर हा विषय निघाला, तर एवढं जरूर बोलून पाहा.