सागाचा घेर आधी आपण मोजू
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावासाठी आपण रस्त्यावर येतो, पण बांधावरचा साग मात्र उक्ता देऊन टाकतो. व्यापारी येतो, झाडाकडे वर बघतो, एक आकडा सांगतो. घरात लग्न नाहीतर दवाखाना निघालेला असतो; आपण मान हलवतो. आमच्या घरीही हेच झाले. शेतकीची पदवी घेतलेले आम्ही घरात होतो, तरी टेप लावला नाही. अकरा झाडे गेली.

बल्लारशाच्या डेपोत सरकारचा साग मोजून, लिलावाने विकला जातो. मग आपलाच उक्ता का?

हिशेब सोपा आहे. ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर ६० सेंटीमीटर, लांबी ३ मीटर, तर माल ०.०६७५ घनमीटर. तेवढ्याच लांबीचा १२० सेंटीमीटर घेराचा ओंडका ०.२७ घनमीटर भरतो. घेर दुप्पट, माल चौपट! शिवाय या रीतीत खऱ्या गोल मापातले सुमारे २१ टक्के लाकूड मोजलेच जात नाही. भाव बोलताना ही सूट आपल्याला ठाऊक हवी.

दुसरी गोष्ट गाभ्याची. चौकटीला, दाराला, होडीला साग लागतो तो गाभ्यासाठी. गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, वाळवी सहसा लागत नाही, पावसाळ्यात लाकूड फारसे फुगत नाही. बाहेरचा पांढरा भाग मात्र वाळवी खुशाल खाते, आणि कोवळ्या झाडात पांढरेच फार. १९९०च्या दशकात साग लागवडीच्या कंपन्यांनी थोड्या वर्षांत लखपती करण्याच्या जाहिराती दिल्या, तेव्हा हे कोणी सांगितले नाही. सेबीचे नियम आले १९९९ साली. तोवर अनेकांचे पैसे बुडाले होते.

आता परवानगीचे. १९६४च्या झाडतोडीच्या कायद्याने स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते, माल हलवायला पास लागतो. हे खेटे व्यापारी घालतो, म्हणून आपण त्याच्यापुढे नरम पडतो. गावातल्या पाच-सात जणांनी सातबारा घेऊन एकाच दिवशी अर्ज द्यावेत, आम्ही सोबत येऊ. त्याआधी प्रत्येक झाडाचा छातीइतक्या उंचीवरचा घेर वहीत लिहून ठेवा.

टेप मागच्या टेबलावर ठेवले आहेत. गावाला एक न्या.