तेल गेलं कुठे?



इंदुरात अहिल्याबाईंनी उभारलेल्या गणेश मंदिराच्या शेजारी आज आपण कोल्ड स्टोरेजचे मालक, मिस्त्री आणि प्लँट इंजिनिअर जमलो आहोत. माळव्यात बटाट्याची आवक सुरू झाली की कंप्रेसरपुढे नारळ फुटतो, रोटरला नाही तरी स्टार्टर पॅनलला कुंकू लागतं. माझी त्याला हरकत नाही. फक्त नारळ फोडताना त्याच हातानं तेलाची पातळी दाखवणारी साइट ग्लासही पुसावी, एवढीच या सभेच्या अध्यक्षाची पहिली सूचना.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. चिलरच्या कंप्रेसरमधलं तेल संपत नाही. मोटारीच्या इंजिनात थोडं तेल जळतं, आपल्याकडे जळायला काही नाहीच. यंत्रणा बंदिस्त आहे. शाफ्ट सील गळत असेल तर डाग जमिनीवर दिसतो. जमीन कोरडी असून पातळी खाली गेली, तर ते तेल आतच कुठेतरी बसलेलं आहे. तरीही आपली सवय कशी? पातळी खाली दिसली की डबा फोडा, वरून ओता, बिलावर 'टॉप-अप' लिहा. पातळी पुन्हा का उतरली, हे विचारायला पुढची पाळी.

ते बसतं कुठे, हे गॅसवर अवलंबून. आपल्या अमोनियाच्या प्लँटमध्ये खनिज तेल द्रव अमोनियात जवळजवळ मिसळतच नाही. शून्य अंशाला द्रव अमोनियाचा लिटर साधारण ६४० ग्रॅम भरतो, तेलाचा ९०० च्या आसपास. म्हणून ते रिसीव्हरच्या, कॉइलच्या तळाशी उतरतं आणि नळ्यांच्या आतून थर धरतं. मग खोली थंड व्हायला वेळ लागतो, मशीन तासन्‌तास चालतं, वीजबिल चढतं आणि दोष कमी गॅसला दिला जातो. ऑइल पॉटमधून नियमानं ड्रेन करणं हाच त्यावर उपाय. पण ते ड्रेन करताना साधा व्हॉल्व्ह उघडून चहाला जाणारे हात मी पाहिले आहेत. हात सोडला की स्प्रिंगनं आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह तिथे हवाच, शिवाय मास्क आणि सोबत दुसरा माणूस. तेलामागोमाग अमोनिया येतो, आणि तो सांगून येत नाही.

आर-१३४ए सारख्या गॅसवर चालणाऱ्या चिलरची तऱ्हा वेगळी. तिथलं पॉलिओलेस्टर तेल गॅसमध्ये मिसळतं, त्याच्याबरोबर फिरतं आणि सक्शन लाइनमधल्या वेगावर परत येतं. लोड कमी, वेग कमी, की तेल इव्हॅपोरेटरमध्ये मुक्काम करतं. आपण वरून ओततो. मग ऐन मे महिन्यात लोड चढतो आणि थांबलेलं सगळं तेल एकदम परतून कंप्रेसरवर आदळतं. तुटलेल्या व्हॉल्व्ह प्लेटा हातात घेऊन आपण उत्पादकाला शिव्या देतो.

स्क्रू कंप्रेसरमध्ये तर तेलाला चार नोकऱ्या आहेत: बेअरिंगला वंगण, दोन रोटरमधल्या फटीला सील, दाबलेल्या वायूची उष्णता ओढणं आणि स्लाइड व्हॉल्व्ह हलवणं. एवढं काम ज्याच्यावर आहे त्याची तब्येत केवळ रंगावरून ठरवू नका. अमोनियातलं काळसर तेल कधी कधी अजून कामाचं असतं आणि पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं पॉलिओलेस्टर आतून आम्लानं भरलेलं असतं. मशीन गरम चालत असताना नमुना घ्या. विस्कॉसिटी, ओलावा, आम्लांक, आणि लोखंड-तांब्याचे कण तपासून घ्या. एका अहवालात फारसं काही कळत नाही. तीन-चार अहवाल शेजारी ठेवले की चढती रेघ बोलते. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाबही रोज लॉगमध्ये उतरवा. तो फुकट मिळणारा अहवाल आहे.

पॉलिओलेस्टरला हवेतला ओलावा ओढून घ्यायची खोड आहे. इंदूरचा जुलै आणि झाकण उघडं ठेवलेला डबा, एवढं पुरे. ओलावा तेलाशी बांधला गेला की व्हॅक्यूम पंप तो सहज काढत नाही. छोटे डबे घ्या, उघडला तो त्याच दिवशी संपवा, उरलेलं 'पुढच्या वेळी' ठेवू नका. क्रँककेस हीटरवर वीज वाचवू पाहणाऱ्या मालकांनाही विनंती आहे: बंद मशीनमध्ये गॅस तेलात विरघळतो, स्टार्टला फेस उठतो, ऑइल प्रेशर पडतं आणि बेअरिंग घासतं. बराच काळ बंद असलेलं मशीन सुरू करण्याआधी हीटर बारा ते चोवीस तास तापवा, असं बहुतेक मॅन्युअल सांगतात. ते वाचायला पैसे पडत नाहीत.

एक सूचना येणाऱ्या वर्षांसाठी. माँट्रिअल कराराप्रमाणे २०३० पर्यंत आर-२२ जवळजवळ संपवायचा आहे, सर्व्हिसिंगचा थोडा वाटा तेवढा उरेल. जुन्या मशीनमध्ये त्याच्या जागी आर-४०७सी भरताना खनिज तेल तसंच ठेवून चालणार नाही. तीन-चार वेळा तेल बदलून जुन्याचा अंश पाच टक्क्यांच्या आत आणावा लागतो. हे काम एका भेटीत उरकून पूर्ण बिल लावणाऱ्यांना आपण सगळे ओळखतो. त्यांची नावं घेऊन सभेचा वेळ घालवत नाही.

काढलेल्या तेलाचं काय? आपल्या भागात ते सेंटरिंगच्या पाट्यांना लावायला विकलं जातं, सगळ्यांना ठाऊक आहे. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेलं तेल त्याच कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत रिसायकलरकडेच द्यावं लागतं. त्याची पावती फाइलला लावणारा प्लँट अजून दुर्मीळच.

हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकसारख्या कंपन्यांनी गेली कित्येक दशकं देशातल्या कोल्ड स्टोरेजना कंप्रेसर पुरवले. मशीन कसं बनवावं हे आपल्याला पूर्वीच कळलंय. ते पाळायचं कसं, तिथे आपण कच्चे आहोत. देखभालीच्या वार्षिक कंत्राटात 'ऑइल चेंज, वर्षातून एकदा' असा एकच रकाना असतो, त्यानं हा कच्चेपणा पक्का केला. आठ हजार तास चाललेल्या मशीनला आणि हंगामात चार महिने चाललेल्याला एकच नियम कसा?

म्हणून दुपारी मी ठराव मांडणार आहे: कंत्राटात तारखेऐवजी चालू तास आणि तेलाचा अहवाल लिहावा, किती लिटर भरलं आणि किती काढलं हे दोन्ही आकडे नोंदवावेत, आणि फरक पडल्यास कारण लिहिल्याशिवाय बिल पास होऊ नये. मसुदा दाराशी ठेवला आहे. मालक आणि कंत्राटदार दोघांनाही तो टोचेल. कुठे टोचतो ते जेवणाआधी पेन्सिलनं लिहून द्या.