शिवा काशीद यांचा चेहरा
(रौप्यमहोत्सवी समारंभात, लघुपट दाखवण्यापूर्वी केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत. फिल्म तीन मिनिटं चाळीस सेकंदांची आहे. म्हणजे फिल्मपेक्षा भाषण मोठं! सांभाळून घ्या.

गेल्या गणपतीत मुलं घरी आली. "आजोबा, तुम्ही बँकेच्या स्नेहसंमेलनात नाटकं लिहायचा ना? आम्हाला स्क्रिप्ट द्या, एआयवर फिल्म करू." विषय शोधावा लागला नाही. पायथ्याचं नेबापूर हे वीर शिवा काशीद यांचं गाव, आणि त्यांचा पुतळा आपण रोज फिरायला जाताना बघतो. जुलै १६६०. सिद्दी जौहरच्या वेढ्याला चार महिने होऊन गेलेले. भर पावसात महाराज राजदिंडीच्या वाटेने विशाळगडाकडे निघाले आणि दुसऱ्या पालखीत, महाराजांच्या वेशात, शिवा काशीद बसले. परत यायचं नाही हे माहीत असून बसले. मी वहीत चार पानं लिहून दिली.

माझी समजूत अशी की मशीनला चार पानं दिली की फिल्म बाहेर पडते, पासबुक छापून पडतं तशी. तसं नसतं. आम्हाला एका वेळी आठ-दहा सेकंदांचा तुकडा मिळायचा. तो मागताना प्रत्येक वेळी सगळं नव्याने लिहायचं: जागा कुठली, उजेड कसा, कॅमेरा कुठे. मग ते तुकडे जोडायचे. पहिल्या तुकड्यात आपला पन्हाळा राजस्थानातल्या महालासारखा आला, पांढरेशुभ्र घुमट वगैरे. दुसऱ्यात धो धो पाऊस आणि पालखीचे भोई कोरडे ठणठणीत. तिसऱ्यात भोई सहाचे पाच झाले! शेवटी मुलांनी तीन दरवाजा, तटबंदी, जांभ्या दगडाची वाट यांचे फोटो काढून नमुना म्हणून दिले, तेव्हा कुठे आपला गड दिसायला लागला.

माझ्या लिखाणाची तर पार तपासणी झाली. मी लिहिलं होतं, 'शिवा निर्भयपणे पालखीत बसतो.' आला कोण, तर मिशीला पीळ देत हसणारा सिनेमातला हिरो. नात म्हणाली, "आजोबा, निर्भय म्हणजे काय करतो ते लिहा." आता आली पंचाईत. त्या क्षणी तो माणूस काय करत असेल? दोन दिवस मी तेवढ्या एका वाक्यावर बसलो. मग लिहिलं, 'हात पालखीच्या दांड्यावर. बोटं घट्ट आवळलेली. हळूहळू सैल होतात.' तो तुकडा आज तुम्ही बघाल.

कोल्हापूरला हे वेड नवीन नाही. बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. त्यांनी कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशाची मदत केली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी आधी तारण विचारलं असतं, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. आम्हाला आज कॅमेराही लागला नाही. पण बाबूरावांच्या पडद्यावर उभा राहणारा माणूस खरा होता, हा फरक मला मधेच चांगला कळला.

झालं असं. मशीनने शिवा काशीद यांचा एक चेहरा दिला. देखणा, सगळ्यांना आवडला. आठवड्याने आमचा सर्वांत धाकटा कलाकार पुतळ्यापाशी उभा राहून म्हणतो, "आजोबा, हे शिवा काशीद नाहीत. ते असे दिसत नाहीत." मला चर्र झालं. त्यांच्या काळातलं त्यांचं चित्र मी कुठे पाहिलेलं नाही. पुतळा हीसुद्धा शिल्पकाराची कल्पनाच, पण ती कल्पना आहे हे पुतळ्याकडे बघून कळतं. मशीनचा चेहरा घाम पुसतो, श्वास घेतो. तो पोराच्या डोक्यात खरा होऊन बसला होता, आणि तो तिथे बसवला आम्ही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग घेतली. ए विंगमधल्या काकांचं म्हणणं, पूर्ण फिल्मच रद्द करा. मुलं रडकुंडीला आली. अखेर ठरलं की शिवा काशीद आणि महाराज, दोघांचेही चेहरे दाखवायचे नाहीत. पाठ, हात, जिरेटोप, पालखीचा पडदा, एवढंच. तयार झालेले अकरा तुकडे टाकून दिले. 'ही दृश्ये एआयने तयार केलेली आहेत' ही पाटीही सुरुवातीलाच घातली, शेवटी नाही; शेवटची पाटी वाचायला कोण थांबतंय?

एक गोष्ट मात्र मशीनकडून घेतली नाही. आवाज. त्याचं मराठी बातम्या दिल्यासारखं, आणि पन्हाळ्याचा 'न्हा' काही केल्या जमेना. बी विंगच्या आजींनी वयाच्या ८२ व्या वर्षी मोबाईलवर निवेदन रेकॉर्ड केलं. मधे एकदा कुकरची शिट्टी ऐकू येईल. ती काढता येत होती, मुलांनी काढू दिली नाही.

चला, मागचे दिवे घालवा. दाराजवळचा पंखा बंद करा, पडदा हलतोय.