एक डोळा झाकून



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातली वाटचाल’ असा विषय दिला होता. तो बाजूला ठेवून मी डोळ्यांबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील आता सत्तरीत आहेत, म्हणून.

माझे बाबा इथे देहूरोडच्या डेपोत नोकरीला होते. एकदा डावा डोळा चोळताना ते म्हणाले, “खिडकीचे गज कोणी वाकवले?” आम्ही हसलो. मोतीबिंदू असेल, दिवाळीनंतर दाखवू, असं ठरलं. दाखवलं तेव्हा उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे पीतबिंदू, बिघडलेला निघाला. त्याच्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या वाढून पाझरत होत्या. डोळ्यात इंजेक्शनं दिल्यावर पाझर थांबला, व्रण राहिला. त्या डोळ्याने बाबांना माझे केस, कान दिसतात, चेहरा नाही.

डॉक्टरांनी एक कागद दिला. बघताच आपली गणिताची चौकटीची वही आठवली. 10 सेंटिमीटरचा चौकोन, त्यात 5 मिलिमीटरच्या 400 चौकटी, मधोमध ठिपका. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी 1940 च्या दशकात रूढ केलेली ही जाळी. वाचायचा चष्मा लावायचा, कागद साधारण 30 सेंटिमीटरवर धरायचा, एक डोळा न दाबता झाकायचा आणि नजर ठिपक्यावरच ठेवायची. रेघा कुठे वाकल्यात का? पुसट, गायब? मग दुसरा डोळा.

झाकणं महत्त्वाचं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं काम निमूट ओढतो. आमच्याकडे दोनपैकी एक सर्व्हर पडला तर दुसरा सांभाळून घेतो, पण लगेच अलार्म वाजतो. इथे अलार्म नाही. बाबांचे किती आठवडे तसेच गेले, कोण जाणे.

मी याचं ॲप करायला घेतलं होतं. प्रत्येक मोबाईलवर चौकटीचं माप बदलायचं, म्हणून सोडून दिलं.

कागदावरही सगळी भिस्त नको. लहानसा डाग मेंदू स्वतःच भरून काढतो आणि रेघ सलग दिसते. मधुमेह असेल तर जाळी सरळ दिसली तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. आणि वर्गातल्या मुलांनो (हो, अजून मुलंच!), पीतबिंदूखाली पाणी साचण्याचा एक आजार तुमच्याच वयाच्या पुरुषांत जास्त आढळतो, स्टेरॉइड घेणाऱ्यांनी विशेष सांभाळावं.

रेघ वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. दाराशी जाळीच्या प्रती ठेवल्या आहेत, प्रत्येकी दोन घ्या. झेरॉक्स काढल्यावर मी फूटपट्टी लावून पाहिलंय, चौकट बरोबर 5 मिलिमीटरची आहे.