अनाथ म्हणण्याआधी विचारा
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी साखर कारखान्यात मिल खात्यात काम करणारा माणूस. शाळा नववीत सुटली. पुढे जे वाचलं ते रातपाळी सांभाळून वाचलं. तेव्हा चूकभूल पोटात घाला.

आपल्या वस्तीतली एक मुलगी नर्सिंग शिकली आहे. तिला नेपाळला जाऊन तिथल्या अनाथाश्रमात दोन महिने सेवा करायची आहे. पैसे आपणच भरायचे. तिचे वडील मला म्हणाले, "भाऊ, पाठवू का?" तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो.

सेवा आपल्याला नवी नाही. श्रावस्तीच्या सुदत्ताने जेतवन विकत घेऊन संघाला दिलं, पण लोक त्याला अनाथपिंडिक म्हणत, म्हणजे निराधारांना घास देणारा. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह काढलं. 1980 पासून इंग्लंडमधल्या बौद्ध बांधवांनी तिकडे दारोदार फिरून महाराष्ट्रातल्या आपल्या मुलांच्या वसतिगृहांसाठी पैसा जमवला. पैसा तिकडून आला, पण वसतिगृहं आपल्याच लोकांनी चालवली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता माझी चूक सांगतो. माझा थोरला भाऊ ऊसतोडीवर असताना अपघातात वारला. वहिनी दर दिवाळीनंतर कोयता घेऊन जायची. पोरगा सात वर्षांचा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका आश्रमात मीच त्याला नेऊन सोडला. फॉर्मवर लिहिलं होतं, आई-वडील नाहीत. मी म्हणालो, साहेब, आई आहे. ते म्हणाले, असं लिहिलं तरच जागा मिळते. मी सही केली. ती सही मला अजून टोचते.

तिथे परदेशातून तरुण मुलं-मुली यायची. मनाने चांगली होती, त्यांना बोल लावत नाही. गाणी शिकवायची, पोरांना कडेवर घ्यायची, फोटो काढायची आणि तीन आठवड्यांनी निघून जायची. पोरगा चार-चार दिवस फाटकाजवळ बसायचा, जेवायचा नाही. दोन वर्षांनी मी भेटायला गेलो तेव्हा नवी ताई आली होती. विचारलं, नाव काय रे तिचं? तो म्हणाला, "काका, नाव कशाला विचारू? ती जाणारच आहे." नऊ वर्षांचं लेकरू! त्याच दिवशी त्याला घरी आणला. आमच्या आईने सांभाळला. आज तो एमआयडीसीत फिटर आहे.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. नेपाळमध्ये आणि कंबोडियात, आई-बाप जिवंत असलेली मुलं शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यांतून आणली गेली आणि पाहुण्यांच्या पैशासाठी अनाथ म्हणून दाखवली गेली. 2017 साली ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आपल्या अहवालात या व्यापाराची दखल घेतली. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही त्याविरुद्ध ठराव केला. आपला 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी घर, मग नातेवाईक, मग बाकीचं.

तेव्हा दादा, तुमच्या मुलीला नाही म्हणू नका. पण तिने आधी विचारावं. संस्था सरकारदरबारी नोंदलेली आहे का? या मुलांचे आई-बाप, आजी-आजोबा कुठे आहेत? येणाऱ्या माणसाची पोलीस चौकशी होते का? माझा भरलेला पैसा मुलांपर्यंत पोचतो की मधल्या एजंटाला जातो? उत्तर मिळालं नाही तर जाऊ नये. मिळालं, तर तिने तिथल्या कायमच्या बायांना ताप, जुलाब, जखमा यांचं ज्ञान द्यावं. ती परत आली तरी ते ज्ञान तिथेच राहील. मुलांना लळा लावून निघून येऊ नये.

आणि त्याआधी एक हंगाम इथे द्यावा. आपल्या नगरातच 1989 साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या मित्रांनी लालबत्ती भागातल्या मुलांसाठी स्नेहालय उभं केलं. ते काम जाऊन पाहावं. पाथर्डी-शेवगावकडची माणसं ऊसतोडीला जातात, मागे लेकरं म्हाताऱ्यांकडे राहतात. कारखान्याजवळच्या कोप्यांतही लेकरं असतात. ती अनाथ नाहीत, पण सहा महिने शाळेला मुकतात.

समितीला माझी विनंती आहे. विहारात रोज संध्याकाळी अभ्यासिका चालू करा. बाप वारलेली, आई एकटी असलेली मुलं वस्तीत किती, त्याची यादी करा. बाल संगोपन योजनेत 2023 पासून दरमहा 2250 रुपये ठरले आहेत, मूल घरीच राहून. फॉर्म मी भरून देतो. या वेळी सही खऱ्या मजकुराखाली करायची आहे.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!