रंगीत ज्वाळेची उलटतपासणी



रॉकेट इंजिनातलं ज्वलन संगणकावर उभं करायची इंटर्नशिप आज अनेकांना हवीशी वाटते. माझं म्हणणं एवढंच, की अशा इंटर्नशिपमध्ये सॉफ्टवेअर शिकणं दुय्यम आहे. संगणकाचं उत्तर कुठे फसवतं, हे ओळखता येणं ही खरी कमाई. सॅटर्न-५ रॉकेटचं एफ-१ इंजिन पाहा. ज्वाळेनं दाब उसळायचा आणि त्या दाबानं ज्वाळा आणखी भडकायची. १९६२ मध्ये चाचणीतच एक इंजिन यापायी उद्ध्वस्त झालं. तेव्हाचं गणित अपुरं होतं. अभियंत्यांनी मग पेटत्या इंजिनात मुद्दाम छोटे स्फोट घडवले, इंजेक्टरवर आडपडदे बसवले आणि पूर्ण आकाराच्या इंजिनांच्या सुमारे २००० चाचण्या केल्या. तेव्हा कुठे ती उसळी सेकंदाच्या दहाव्या भागात शमू लागली.

आता महासंगणक असताना एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. चाचण्या कमी होतात, हे खरंच. पण जीआरआय-मेक ३.० ही नैसर्गिक वायूच्या ज्वलनाची प्रसिद्ध अभिक्रियासूची घ्या. तिच्यात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत, पण ती साधारण १० वातावरण दाबापर्यंतच्या प्रयोगांशी जुळवलेली आहे. मिथेनवरच्या आधुनिक इंजिनांत दाब १०० वातावरणांच्याही पुढे जातो. तिथे ही सूची वापरली तरी संगणक कुरकुरत नाही, झकास रंगीत ज्वाळा काढून देतो. (आणि सादरीकरणात टाळ्या त्या रंगांनाच पडतात!)

आमच्या कॉलेजात महासंगणक कुठला, हा आक्षेप अधिक रास्त आहे. ज्या जाळीत जागा विभागून संगणक गणित करतो, तिची घरं तिन्ही दिशांनी निम्मी केली की त्यांची संख्या आठपट होते. कालपावलंही निम्मी करावी लागली, तर काम सोळापट. पण शंका घ्यायला एकमितीय ज्वाळा पुरते. त्यासाठीचं कॅन्टेरा हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यातून ज्वाळेचा वेग काढा आणि प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहा.

म्हणून इंटर्नशिपचा अहवाल लिहाल, तेव्हा चित्रांच्या आधी एक पान याला द्या: उत्तर कोणत्या मोजमापाशी ताडलं आणि ते किती चुकलं. आणि परीक्षक मंडळींनो, गुण देताना ते पान आधी वाचा.